निरीक्षणगृहं वाढवण्याआधी गावात खर्च करा

मुलांची गुन्हेगारी वाढली म्हणून निरीक्षणगृहं, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या पोरांना चौकशीपुरतं ठेवायच्या जागा, वाढवा, असं एका लेखात लेखकाचं म्हणणं. आमच्या यवतमाळकडे पोट्टे कशात सापडतात ते तरी पाहा. वावरातल्या विहिरीवरची केबल कापायची, नाल्यात नेऊन जाळायची, उरलेलं तांबं भंगारवाल्याला द्यायचं. घेणारा मात्र नामानिराळा! ऐन ओलिताच्या दिवसांत मोटार बंद पडली की शेतकऱ्याचा संताप होणारच, तो खोटा नाही.

पण मागे आमच्याकडच्या अशाच एका पोराला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं, बापाला साधा निरोपही नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात पोराला कोठडीत टाकता येत नाही, 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे पोरांची प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळापुढे, न्यावं लागतं, वकीलही फुकट मिळतो. हे गावात सांगणार कोण? मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी. तारखेला जायचं म्हणजे बापाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं.

ग्रामपंचायतीनं उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. आमच्याकडे त्याचं काय होतं, ते ग्रामसभेत विचारून पाहा, मजा येईल. ग्राम बाल संरक्षण समिती आहे, पण रजिस्टरात. त्या 10 टक्क्यांतून शाळा अर्धवट सुटलेल्या पोरांना मोटार रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरणं, शिकवा. केबल कापता येते त्याला जोडताही येईल. आणि फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीनं प्रत्येक मोठ्या गावात एक विधी स्वयंसेवक, म्हणजे कायद्याची माहिती असलेला मदतनीस, द्यावा, जो रात्री फोन केला तर ठाण्यात येऊन उभा राहील.