गाजर गवत उपटायला लावता, ओळखायला कधी शिकवणार?

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आपल्याकडच्या कितीतरी शाळांत ‘श्रमदान’ निघतं. लेकरं उघड्या हातानं मैदानातलं गाजर गवत उपटतात. तोवर ते फुलावर आलेलं असतं. हाताला खाज, नाकाला शिंका, आणि ढीग जातो उकिरड्यावर. बी तिथंच झडतं आणि शेणखतातून शेतात पोचतं. श्रमदान कसलं, पेरणीच झाली की!

विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजी-बाईंना माझं म्हणणं आहे की आधी लेकरांना ते नीट बघू द्या. पहिल्या पावसानंतर गाजरासारखी पानं जमिनीला चिकटून पसरतात. ओळखायचं तेव्हाच आणि हातमोजे घालून मुळासकट काढायचंही तेव्हाच. पुढं फुललेली एखादी फांदी पारदर्शक पिशवीत बंद करून वर्गात आणा. त्या एवढ्याशा पांढऱ्या बोंडात बहुतेक पाचच बिया असतात. एका झाडाची बोंडं मोजून गुणाकार करायला लावा. उत्तर हजारांत आलं की फळ्यावर वेगळं काही लिहावं लागत नाही.

मग विचारा, हे इथंच एवढं का माजलं? अमेरिकेहून मदतीच्या गव्हासोबत आलं असं मानतात. 1950 च्या दशकात पुण्यात ते दिसल्याची नोंद आहे. जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही, त्याला खाणारे किडे तिकडंच राहिले आणि त्याच्या रसानं शेजारच्या बिया नीट उगवत नाहीत. पण सगळा दोष त्याचा नाही. चरून चरून गायरान आपण उघडं पाडलं. पवन्या, मारवेल ही चाऱ्याची गवतं दाट असती तर याला शिरायला एवढी जागा मिळाली नसती. हे मात्र कुणी शिकवत नाही.

आणि परदेशी म्हणजे वाईट, असं कृपा करून लेकरांच्या डोक्यात भरू नका. भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं बीडचं सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं. मिरचीही तिकडचीच. (ठेचा सोडणार का कुणी?) वेडी बाभूळ तर सरपणासाठी माणसानंच आणून लावली. आज ती माळ गिळतीये, पण कितीतरी चुली तिच्यावरच पेटतात. ती तोडायची की ठेवायची? ज्या पोरीची आई मोळी आणते, तिला आधी बोलू द्या. तास वाया जाणार नाही.

गाजर गवतावर मेक्सिकन भुंगे सोडतात, हेही दाखवा. 1984 मध्ये ते बंगळुरूत पहिल्यांदा सोडले. गाजर गवत सूर्यफुलाच्या कुळातलं, त्यामुळं एखादं लेकरू विचारणारच, ‘सर, मग हे आमचं सूर्यफूल खातील का?’ त्याला गप्प बसवू नका. कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलावर दिसले तेव्हा मोठ्यांनीही हेच विचारलं होतं. तपासाअंती पिकाला त्यांचा मोठा धोका नाही असं ठरलं.

भुंगे हवे असतील तर परभणीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा, पण जुलै-ऑगस्टमध्येच. पाऊस सरला की ते जमिनीत दडून बसतात.