दोन स्टार देणाऱ्या ग्राहकांना उत्तर: डेमोतला आवाज, मोठा अ‍ॅम्प आणि कानातली शिट्टी

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. तुमचं म्हणणं असं, की आमच्या डेमो रूममध्ये आवाज दाबून ऐकवतात आणि नॉबला हात लावू देत नाहीत. आमच्या दुकानातल्या मुलाने छोटा डोंगल (फोनला जोडायचा चिमुकला अ‍ॅम्प) गळ्यात मारायचा प्रयत्न केला. तुम्ही मोठा अ‍ॅम्प, म्हणजे आवाजाला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर, बाहेरून घेतलात तेव्हा कुठे हेडफोनमध्ये जीव आला. मात्र आता ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज, टोचतो, रात्री दोन तास ऐकून झोपायला गेलं की कानात शिट्टी वाजते, आणि आम्ही माल परत घ्यायला तयार नाही.

यातलं कानातल्या शिट्टीचं वाक्य सगळ्यात आधी घेतो. बाकीचं नंतर बोलता येईल.

ऐकणं थांबवल्यावर कानात शिट्टी वाजते, ही कानाला ताण पडल्याची खूण आहे. आतल्या कानात शंखाकृती नळी असते, तिच्यात प्रत्येक बाजूला साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, काही वेळाने सावरतात. पुन्हा पुन्हा तेच झालं तर मरतात, आणि माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. म्हणून कृपया आजपासून काही दिवस हेडफोन बाजूला ठेवा. शिट्टी दोन दिवसांत पूर्ण थांबली नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढून घ्या. आवाजामुळे झालेली इजा त्या आलेखावर बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखी दिसते. एका कानाने एकाएकी कमी ऐकू यायला लागलं, तर मात्र दोन दिवस थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता डोंगलचं. तुमच्या हेडफोनची संवेदनशीलता मिलिवॉटला ९४ डेसिबल, म्हणजे एक मिलिवॉट दिला की तो इतका मोठा वाजतो; इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३७ ओहम. सरासरी ८० डेसिबलवर ऐकायचं तर त्याला ०.०४ मिलिवॉट पुरतात. तबल्याची थाप, झांजेचा फटका अशा जागी आवाज सरासरीच्या २० डेसिबल वर उसळतो असं धरू. त्या क्षणाला लागतात ४ मिलिवॉट, म्हणजे ०.४ व्होल्टसुद्धा नाही. १ व्होल्ट देणारा चांगला डोंगल २७ मिलिवॉट देतो. आमच्या मुलाने तुम्हाला डोंगल दाखवला तो हा हिशोब करून. त्याने महाग अ‍ॅम्प दाखवला असता तर दुकानाचा फायदाच होता.

तुम्ही घेतलेला अ‍ॅम्प १ वॉटचा आहे. तो पूर्ण उघडला तर हाच हेडफोन १२४ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. त्यात गेन (अ‍ॅम्प आवाज किती पट वाढवतो ते ठरवणारं बटण) हायवर ठेवलेला असला तर नॉब नऊ वाजताच्या खुणेवर आहे म्हणजे आवाज कमीच आहे, असं अजिबात नसतं. तुम्हाला जाणवलेला ‘जीव’ मुख्यतः वाढलेल्या आवाजाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचा हेडफोन प्लॅनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याचा आहे. प्लॅनरचा इम्पिडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सींना जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे अ‍ॅम्प बदलून त्याचा तोल फारसा बदलत नाही. दोन्ही अ‍ॅम्प एकाच पातळीवर आणून ऐकलेत तर हे तुमचं तुम्हालाच कळेल.

डेमो रूममधल्या मर्यादेमागेही हेच आहे. दोन हेडफोनची तुलना करताना एक जरी एक-दोन डेसिबल मोठा वाजला, तरी कान त्यालाच कौल देतो. त्यामुळे ‘हा जास्त मोकळा वाटतो’ म्हणून गिऱ्हाईक चुकीचा माल घेऊन जातं. आम्ही प्रत्येक हेडफोन मीटरवर लावून सरासरी ७८ डेसिबलला आणतो आणि नॉबवर पांढरी खूण करतो. तुलना संपली की शेवटचं गाणं ज्याने त्याने स्वतःच्या मर्जीने लावावं, त्या वेळी मीटर आम्ही समोर ठेवतो. आकडा बघून बहुतेक जण स्वतःच हात मागे घेतात. हा नियम मी बदलणार नाही.

प्लॅनरच्या बाबतीत तर हे जास्तच जपावं लागतं. केसापेक्षा कितीतरी पातळ पडदा, त्याच्यावर छापलेली वाहक पट्टी, बाजूला चुंबकांच्या रांगा. सगळा पडदा एकसारखा हलतो म्हणून आवाज फाटत नाही. साधा हेडफोन फार वाढवला की चिरकतो, आणि आपला हात आपोआप खाली येतो. चांगला प्लॅनर ९० डेसिबलच्या वरही तसाच स्वच्छ राहतो, त्यामुळे आपण किती वर गेलोय याचा पत्ताच लागत नाही. तुम्हाला टोचणारा ट्रेबलही कदाचित याच पातळीचा असेल. पण ती शंका मी तपासून देईन, ते खाली लिहितो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ मध्ये मिळून जे मानक काढलं, त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे. मुलांसाठी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच. तुम्ही रोज दोन तास ऐकता. ते ९२ वर होत असेल, तर आठवड्याचा वाटा दुसऱ्या रात्रीच संपतो आणि आठवडा अजून बाकी असतो.

आवाज कमी केल्यावर बास, म्हणजे खर्जाकडचा आवाज, गेल्यासारखा वाटेल; ती तक्रार मात्र रास्त असेल. तो कानाचाच धर्म आहे: पातळी खाली आली की खर्जाकडचं ऐकू येणं जास्त कमी होतं. त्यावर उपाय आवाज वाढवणं नव्हे. ईक्यूमध्ये (फोनमधल्या इक्वलायझरमध्ये) १०० हर्ट्झच्या खाली ३-४ डेसिबलचा लो शेल्फ, म्हणजे खालच्या सगळ्या सुरांना सारखी उचल, द्या आणि प्रीअ‍ॅम्प, म्हणजे ईक्यूमधली एकूण पातळी, तेवढीच खाली घ्या, म्हणजे आवाज फाटणार नाही. प्लॅनर असा बास सहज पेलतो. तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावा. खर्जाच्या तारेची जवारी, तिच्यातून उमलणारा गंधार, हे ७० डेसिबलला जसं ऐकू येतं तसं मोठ्या आवाजात येत नाही. या हेडफोनला पैसे मोजायचे ते यासाठी.

आणखी एक. तुमचा हेडफोन ओपन बॅक, म्हणजे मागून उघडा आहे, बाहेरचं सगळं आत येतं. डोक्यावर पंखा फुल्ल आणि खिडकीखाली रस्ता असेल, तर आपण नकळत त्या गोंगाटाच्या वर आवाज नेतो. खिडकी लावा, पंखा दोनवर घ्या. पातळी ठरवायची सोपी रीत सांगतो: आधी कुणाच्या तरी बोलण्याचं रेकॉर्डिंग लावा, समोर बसलेला माणूस शांतपणे बोलतोय इतपत नॉब ठेवा, मग नॉबला हात न लावता गाणं सुरू करा. पहिली पाच मिनिटं बारीक वाटेल, नंतर कान बसतो.

परत घेण्याबद्दल: पॅड वापरले गेले की हेडफोन नवा म्हणून विकता येत नाही, म्हणून वापरलेला माल आम्ही फक्त दोष असेल तरच घेतो, आणि हे बिलावर छापलेलं आहे. तरी तुमचा सेट घेऊन या. डेमोचा तोच मॉडेल शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचा समतोल आणि ट्रेबल तुमच्यासमोर मोजू, आलेखाची प्रत तुम्हाला देऊ. फरक निघाला तर वॉरंटीत बदलून देण्याची जबाबदारी माझी. फरक निघाला नाही आणि तरीही टोन पसंत नसेल, तर याच किमतीतला जास्त मवाळ ट्रेबलचा हेडफोन ऐका आणि अदलाबदल करा. तुमचा सेट आम्ही वापरलेल्याच्या योग्य भावात धरू.

येताना मोठा अ‍ॅम्प सोबत आणा. तुम्ही रात्री जिथे नॉब ठेवता तिथेच ठेवून मीटरवर किती येतं ते बघू आणि गेन लोवर करून खूण करून देऊ. त्याचे पैसे नाहीत. फक्त शिट्टी पूर्ण थांबून दोन-तीन दिवस गेल्यावरच या. थकलेल्या कानाने ट्रेबलची पारख होत नाही. विसर्जन मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही याच कारणासाठी कुणालाच हेडफोन ऐकवत नाही. डॉक्टरांनी ऑडिओग्राम काढला असेल तर त्यांनी सांगितलेली मर्यादा आम्हाला कळवा, अ‍ॅम्पवरची खूण त्याच हिशोबाने करू.