‘फॉर्म काय, नंतरही सुधारता येतो’ म्हणणाऱ्यांना

सरकारी भरतीची जाहिरात निघाली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. अभ्यासिकेच्या ग्रुपवर येतो, टेलिग्रामवर येतो, मामाच्या पोरानं फॉरवर्ड केलेला येतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. फॉर्म भरण्यात डोकं घालू नका, तो नेटकॅफेवाला भरेल, तुम्ही अभ्यास करा. काही चुकलंच तर कागदपत्र पडताळणीत दुरुस्त होतं. दाखले निवड झाल्यावर काढले तरी चालतात. मार्क चांगले पडणार असतील तर ओपनमधून भरा, कॅटेगरी टाकली की कॅटेगरीतच अडकता. जितक्या जिल्ह्यांत भराल तितके चान्स. फोटो-सहीवरून कुणाचा फॉर्म जात नाही. शेवटच्या वर्षाला असाल तरी बिनधास्त भरा. आणि तळाला, ‘एका मोठ्या अधिकाऱ्यानं सांगितलंय.’

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पोरं फॉर्मच्या धास्तीनं अभ्यास सोडून बसतात हेही खरं. पण अभ्यासिकेत दर भरतीला फॉर्म तपासून देणारा माणूस म्हणून सांगतो, यातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुणाची ना कुणाची जागा घालवू शकतं. एकेक घेऊ.

‘चूक पडताळणीत दुरुस्त होते’

पडताळणीच्या टेबलावर बसलेला कर्मचारी एकच काम करतो. तुम्ही फॉर्ममध्ये जे लिहिलंय ते तुमच्या हातातल्या कागदाशी जुळतं का, एवढंच पाहतो. नव्यानं काही लिहून घ्यायचा अधिकार त्याला नसतो. अर्जात ज्या आरक्षणाचा किंवा सवलतीचा दावा केला नाही, त्याचा नंतर विचार होणार नाही, ही अट एमपीएससीच्या जाहिरातींत कायम असते. बाकीच्या भरत्यांतही ती या ना त्या शब्दांत सापडतेच.

हे सर्वांत जास्त नडतं समांतर आरक्षणात, म्हणजे जातीच्या प्रवर्गाशिवाय मिळणाऱ्या वेगळ्या राखीव जागांत. खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अनाथ अशी ती यादी. कॅफेवाला दिवसाला चाळीस-पन्नास फॉर्म भरत असतो. या रकान्यांपाशी तो थांबत नाही, सगळीकडे ‘नाही’ करत खाली जातो. औसा-उमरग्याकडच्या घरात 1993 च्या भूकंपाचा दाखला ट्रंकेत जपून ठेवलेला असतो, पोरगी पडताळणीला तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊनही येते, आणि फॉर्ममध्ये तिथं ‘नाही’ असतं. मग दाखला कितीही खरा असला तरी त्या भरतीपुरता त्याचा उपयोग शून्य.

नावाचंही तसंच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, लग्नानंतर पॅनकार्डावर तिसरंच. यावर उपाय असतो, विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद. पण फॉर्ममध्ये नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे टाकायचं आणि बदललेलं नाव असेल तर त्यासाठीच्या वेगळ्या रकान्यात लिहायचं, हे भरतानाच कळायला हवं.

इथं कुणीतरी सुप्रीम कोर्टाचा एक निकाल पुढे करतं, आणि तो निकाल खरा आहे. बिहार पोलीस भरतीत एका उमेदवाराचा फॉर्म सायबर कॅफेत भरला गेला. जन्मतारीख 18 डिसेंबर 1997 ऐवजी 8 डिसेंबर पडली. लेखी पास, मैदानी पास, आणि शेवटी तारीख जुळत नाही म्हणून नापास. कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. चूक क्षुल्लक आहे, तिचा निवडीवर काही परिणाम झालेला नाही आणि त्याला तिचा फायदाही झालेला नाही, असं म्हटलं. भरतीची जाहिरात 2017 ची आणि निकाल 2 जानेवारी 2024 चा. मधे हायकोर्टात दोनदा हार. फॉर्म भरताना विशीही न गाठलेला मुलगा निकाल लागला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. एका शून्य-एकच्या फरकासाठी ज्याची एवढी वर्षं वाट पाहायची तयारी आहे त्यानं खुशाल या निकालावर विसंबावं. शिवाय हा दिलासा टायपिंगच्या चुकीला होता. न केलेल्या दाव्याला तो लागू पडेल अशी आशा धरू नये.

‘दाखले नंतर काढले तरी चालतात’

या वाक्याला एके काळी थोडा आधार होता. 2016 मध्ये दिल्लीतल्या एका भरतीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं अंतिम तारखेनंतर दिलेला ओबीसी दाखला ग्राह्य धरला होता. फॉरवर्ड बहुधा तिथेच थांबलेला आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये याच कोर्टानं यूपीएससीच्या 2022 च्या नागरी सेवा परीक्षेतल्या उमेदवारांना उलटं सांगितलं. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या नमुन्यात हवा, नसेल तर यूपीएससीनं दावा नाकारला यात चूक नाही. नागरी सेवेचे सगळे टप्पे पार केलेली मुलं होती ती.

म्हणजे पाहायचं काय? जाहिरातीत दाखल्यासाठी कोणती तारीख दिली आहे आणि उत्पन्न कोणत्या आर्थिक वर्षाचं मागितलं आहे. नॉन क्रीमिलेयरवर, म्हणजे मागास प्रवर्गातलं घर ‘उन्नत’ गटात मोडत नाही असं सांगणाऱ्या दाखल्यावर, वैधतेची तारीख छापलेली असते, बहुतेकदा 31 मार्च. एप्रिलमध्ये निघालेल्या जाहिरातीला मार्चमध्ये संपलेला दाखला जोडणारे दरवर्षी भेटतात. आणि जाहिरात आल्यावर दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात रांग लावली तर मुदतीत दाखला हातात पडेल याची खात्री खुद्द सेतूवालाही देत नाही.

नॉन क्रीमिलेयर काढायलाच न जाणारेही आहेत. ‘वडिलांचा पगार आठ लाखांच्या वर आहे, आम्हाला मिळत नाही.’ 2017 पासून 8 लाखांची जी मर्यादा आहे, तिच्या हिशेबात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. सरकारी नोकरीत वडील कोणत्या गटात आहेत ते पाहतात. गट क मधल्या कारकुनाचा पगार वेतन आयोगानं वाढला म्हणून मुलगी क्रीमिलेयरमध्ये जात नाही. उलट खुल्या प्रवर्गातल्या मुलींना महिला आरक्षणासाठी नॉन क्रीमिलेयर लागतं, असं अजून सांगितलं जातं. राज्य सरकारनं ती अट मे 2023 मध्येच काढली.

आणि राज्याचा दाखला केंद्राला चालत नाही, हे तर फॉरवर्डमध्ये नावालाही नसतं. वंजारी समाजातली मुलगी तलाठ्याचा फॉर्म भरताना एनटी-डी (भटक्या जमाती, ड) असते आणि स्टाफ सिलेक्शन, रेल्वे किंवा बँकेचा फॉर्म भरताना ओबीसी असते. धनगर मुलाचं तसंच, इथं एनटी-सी, तिथं ओबीसी. केंद्रासाठीचा दाखला वेगळ्या नमुन्यात असतो, तो वेगळा मागून घ्यावा लागतो. मराठा उमेदवाराला 2024 च्या कायद्यापासून राज्यात एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आहे. केंद्रात ते आरक्षण नाही, तिथं अटीत बसत असेल तर ईडब्ल्यूएस. कुणबी दाखला असेल तर ओबीसी, म्हणजे पुन्हा गणित वेगळं. एकच माणूस एकाच आठवड्यात दोन फॉर्म भरतो आणि दोन्हींत प्रवर्ग वेगळा असणं बरोबर असतं. मागचा फॉर्म समोर ठेवून तसाच उतरवून काढणाऱ्या कॅफेवाल्याला हे कोण सांगणार?

‘हुशार असाल तर ओपनमधून भरा’

या यादीतला सगळ्यात घातक सल्ला हाच. कारण तो नेमका जास्त मार्क पडणाऱ्या पोरांचं नुकसान करतो.

ओपनची जागा म्हणजे विशिष्ट जातींचा कोटा नव्हे. ती गुणवत्तेवर सर्वांना खुली असते, हे सुप्रीम कोर्टाच्या 1992 च्या मंडल आयोगावरच्या निकालापासून पक्कं आहे. प्रवर्ग टाकून अर्ज केलेल्या मुलाला ओपनच्या कट-ऑफइतके गुण पडले तर त्याची निवड ओपनमध्ये होते आणि प्रवर्गातली जागा मागच्याला मोकळी होते. उलटा रस्ता मात्र नसतो. समजा ओपनचा कट-ऑफ 142 लागला, ओबीसीचा 136, आणि तुम्हाला 139 पडले. ओबीसी म्हणून भरला असेल तर नोकरी, ओपन म्हणून भरला असेल तर घरी. पडताळणीत ‘माझ्याकडे दाखला आहे’ म्हणून काहीही होत नाही.

ही समजूत हवेतून आलेली नाही, हेही मान्य करायला हवं. ऑगस्ट 2014 च्या राज्य सरकारच्या एका परिपत्रकामुळे मागास प्रवर्गातल्या मुलींना ओपनमधल्या महिलांच्या जागेवर घेत नव्हते. कित्येकींनी त्या काळात मुद्दाम जात न टाकता अर्ज केले. डिसेंबर 2018 मध्ये सरकारनं ते धोरण बदललं. पुढे उत्तर प्रदेश पोलीस भरतीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ओबीसी महिलेला 276 हून जास्त गुण, खुल्या महिलांतली शेवटची निवड 274 वर, तरी ओबीसी म्हणून तिला डावललं. डिसेंबर 2020 मध्ये कोर्टानं हे चूक ठरवलं आणि तिच्यासारख्या 274 च्या वरच्या सगळ्या ओबीसी महिलांना नोकरी द्यायला सांगितलं. आपल्याकडचा फॉरवर्ड मात्र अजून 2014 मध्येच बसलेला आहे.

एक अडचण खरी आहे, ती वयाची. केंद्राच्या 1 जुलै 1998 च्या आदेशानुसार वय, अनुभव, पात्रता किंवा परीक्षेच्या संधी यांत सूट घेतलेला उमेदवार ओपनच्या जागेवर धरला जात नाही. फीमधली सवलत त्या आदेशात नाही. पण जो ओपनच्या वयोमर्यादेत बसतो, त्यानं प्रवर्ग टाकला म्हणून ‘सूट घेतली’ असं होत नाही. आणि जो त्या वयोमर्यादेत बसत नाही, त्याचा ओपनमधला फॉर्म छाननीतच उडतो. दोन्ही बाजूंनी पाहिलं तरी प्रवर्ग लपवून पदरात काय पडतं ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. राज्याच्या भरतीत कोणती सवलत घेतल्यावर काय होतं, ते त्या-त्या जाहिरातीच्या आरक्षणाच्या परिच्छेदात असतं. तो वाचायला पंधरा मिनिटं लागतात.

‘जितके जिल्हे तितके चान्स’

2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागा होत्या. एका पदासाठी एकाच घटकात (जिल्हा किंवा आयुक्तालयात) अर्ज, असा नियम होता. शिपाई, चालक, राज्य राखीव दल अशी पदं वेगवेगळी असतील तर वेगवेगळे अर्ज चालत होते. तरी अनेकांनी शिपाई पदासाठी दोन-तीन जिल्ह्यांत फॉर्म टाकले, कुणी वेगळ्या ईमेलवरून, कुणी वेगळ्या नंबरवरून. खुल्याला 450 आणि राखीवला 350 रुपयांप्रमाणे पैसे गेले ते वेगळेच, मग कोणता एक अर्ज ठेवायचा याच्या हमीपत्राची भानगड आणि सगळेच अर्ज जायची टांगती तलवार. 2023 च्या तलाठी भरतीतही एकाच जिल्ह्याची मुभा होती. तिथं फी होती 1000 आणि 900. दहा लाखांवर अर्ज आले. या फीबद्दल पोरांचा राग रास्त आहे, बेरोजगारांकडून एवढे पैसे घ्यायला नकोत हे माझंही मत. पण तो राग दुसरा फॉर्म टाकून निघत नाही.

‘फोटो-सहीवरून फॉर्म जात नाही’

रेल्वेच्या 2019 च्या लेव्हल-1 भरतीत, ज्याला आपण ग्रुप डी म्हणतो, फोटो आणि सही नियमात नाही म्हणून 4 लाख 85 हजारांहून जास्त अर्ज नाकारले गेले होते. ओरड झाली तेव्हा डिसेंबर 2021 मध्ये दुरुस्तीची एक संधी दिली गेली. एवढ्या लाखांनी एकदम आरडाओरडा केला म्हणून ती मिळाली. एकट्यादुकट्याला कोण देतं? चुका त्याच त्या असतात: आधारकार्डावरच्या फोटोचा मोबाइलनं काढलेला फोटो, रेषांच्या वहीवर केलेली सही, इंग्रजी मोठ्या अक्षरांतलं नाव सही म्हणून. स्टाफ सिलेक्शननं तर 2024 पासून फॉर्म भरतानाच कॅमेऱ्यासमोर फोटो काढायला लावलाय. त्यामुळे ‘फोटो पाठवतो, तू भर’ हा प्रकार तिथं चालत नाही.

कॅफेवाल्याचा ईमेल आणि नंबर टाकण्याबद्दल फार बोलायला नको. हॉलतिकीट, उत्तरतालिकेवरच्या हरकतींची मुदत, पडताळणीची तारीख, सगळं त्याच्या इनबॉक्समध्ये येणार, आणि त्याच्या इनबॉक्समध्ये तुमच्यासारखे हजार आहेत. खात्यातून पैसे कापले गेले म्हणजे फॉर्म गेला असंही नसतं. परत लॉगिन करून फीसमोर ‘भरली’ असं दिसतंय का ते बघायचं, आणि ते शेवटच्या रात्री नाही.

‘शेवटच्या वर्षाला असाल तरी भरा’

एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेला किंवा यूपीएससीला शेवटच्या वर्षाचा उमेदवार बसू शकतो, कारण तिथल्या नियमातच तसं लिहिलेलं असतं. ते पाहून इतर भरत्यांतही भरायला सांगणं ही थाप आहे. जम्मू-काश्मीरमधल्या कनिष्ठ अभियंत्यांच्या एका जुन्या भरतीत काहींचा निकाल अंतिम तारखेनंतर लागला होता, मुलाखतीच्या मात्र आधी. 1997 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितलं की पात्रता पाहायची ती अर्जाच्या अंतिम दिवशी, मुलाखतीच्या दिवशी नव्हे. आजही छाननीत पदवीचा निकाल जाहीर झाल्याची तारीख आणि जाहिरातीतली शेवटची तारीख शेजारी-शेजारी ठेवून पाहतात. निकाल एक दिवस उशिरा असला तरी त्या भरतीला तुम्ही पदवीधर नाही.