मुलांना बर्फावरचे अस्वल नव्हे, परसातली पोफळ दाखवा

मुलाच्या शाळेत पर्यावरण दिनाचा राहून गेलेला कार्यक्रम आज झाला आणि तेथून परतल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी 'हवामान बदल' या विषयावर चित्रकला स्पर्धा होती. माझ्या मुलाने आमच्या ठाण्यातल्या सोसायटीचे चित्र काढले होते: एका अर्ध्या भागात मे महिन्यात फाटकाशी उभा असलेला पाण्याचा टँकर, दुसऱ्या अर्ध्या भागात जुलैमध्ये तळमजल्यावर शिरलेले गुडघाभर पाणी आणि खुर्चीवर उचलून ठेवलेला वॉचमनकाकांचा स्टोव्ह. त्यावर परीक्षकांचा शेरा होता, 'चित्र सुरेख, परंतु विषयाला धरून नाही.' तिन्ही बक्षिसे वितळत्या हिमखंडावर उभ्या असलेल्या पांढऱ्या अस्वलांना गेली. बक्षीस कोणाला मिळाले याच्याशी मला काहीही कर्तव्य नाही, पण तो शेरा मात्र मला सहन होत नाही. नाले बुजवले आणि खाडीत भराव घातला म्हणून पाणी तुंबते, त्यात हवामानाचा काय दोष, असे कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु वाढलेला पाऊस आणि बुजवलेला नाला हे दोन्ही एकाच वेळी दारात येतात, हेच तर मुलाला दिसले होते. जे त्याने डोळ्यांनी पाहिले ते विषयाबाहेरचे, आणि जे ना त्याने पाहिले ना परीक्षकांनी, ते विषयाला धरून!

माझे माहेर श्रीवर्धनकडचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा टाळेबंदीमुळे मी तिथेच अडकले होते. दुपारी काही तासांत आमच्या वाडीतल्या, म्हणजे बागेतल्या, बहुतेक पोफळी (सुपारीची झाडे) कमरेत मोडल्या आणि माड मुळासकट आडवे झाले. कौले तर उडालीच. वारा पडल्यावर माझे वडील, आप्पा, वाडीत जाऊन एका आडव्या माडावर बसून राहिले. ज्या पोफळी त्यांच्या वडिलांनी लावल्या होत्या, त्यांच्याकडे पाहण्याचीही त्यांना इच्छा नव्हती. माझी भाची, भावाची मुलगी, तेव्हा तिसरीत होती. ती त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "आप्पा, वादळं तर ओडिशाला येतात ना? मग हे आपल्याकडे का आलं?" घरातल्या मोठ्यांपैकी एकाने तिला सांगितले की देवाच्या मनात आले, आणि दुसऱ्याने सांगितले की जा, आत जाऊन खेळ.

मला वाटते, हवामान बदलाचे शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवे. त्या मुलीचा प्रश्न अगदी नेमका होता. बंगालच्या उपसागराच्या मानाने अरबी समुद्रात चक्रीवादळे कमी होतात, हे तिने बातम्यांतून बरोबर टिपले होते. चक्रीवादळाला बळ मिळायला समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंशांच्या वर असावे लागते, आणि गेल्या काही दशकांत अरबी समुद्र वेगाने तापला आहे. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ याच किनाऱ्याला घासून गुजरातेत गेले. निसर्ग वादळाच्या रात्री घरात वीज नव्हती. तेव्हा मी भाचीला गोधडीचे उदाहरण दिले. पृथ्वीने पांघरलेली हवेची गोधडी आवश्यकच आहे, नाहीतर ती गारठून जाईल, पण कोळसा आणि तेल जाळून आपण तिच्यावर थर चढवत गेलो. कारखानदारीच्या आधी हवेच्या दर दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० कण होते, आता ते ४२० च्या वर गेले आहेत. आत अडकलेल्या उष्णतेचा फार मोठा वाटा समुद्र पोटात घेतो. तिला हे कळले. तिसरीतल्या मुलीला कळले, मग आठवीच्या मुलांना कळणार नाही असे आपण कोणत्या आधारावर ठरवतो?

मुले घाबरतील, असे मला नेहमी सांगितले जाते. अगदी लहान मुलांना प्रलयाच्या गोष्टी सांगू नयेत, एवढे मी मान्य करते. परंतु भाचीला भीती माझ्या उत्तराची वाटली नव्हती. मोठी माणसे तिच्या प्रश्नावर नजर चुकवत होती, त्याची वाटली होती. दुसऱ्या दिवशी ती एक जुनी वही घेऊन आली आणि कोणती पोफळ उभी आहे, कोणती मोडली आणि कोणत्या झाडाखाली रुजलेली रोपे वाचली आहेत, हे लिहू लागली. वाडीत फिरणारी ती पहिली. आप्पा तिच्या मागून उठले.

आपल्या शिक्षणव्यवस्थेत मात्र कागदावर काही कमी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले आणि २००३ मध्ये पुन्हा बजावले. लहान वर्गांना परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा नावाचा स्वतंत्र विषय आहे, आणि २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात पर्यावरणासाठीचे 'माझी वसुंधरा' अभियान चालू आहे. तरीही बहुतेक ठिकाणी या साऱ्याचे प्रकल्पाची वही, घोषवाक्य आणि हात पुढे करून घेतलेली शपथ एवढेच उरते. शिक्षकांच्या डोक्यावर निवडणुकांपासून सर्वेक्षणांपर्यंत इतकी कामे लादली आहेत की त्यांना दोष देताना जीभ अडखळते, हेही खरे. पण आजची शपथ ऐकताना मला संताप आवरला नाही. 'मी दिवे बंद करीन, मी पाणी वाया घालवणार नाही, मी पृथ्वीला वाचवीन.' दहा वर्षांच्या मुलांनी पृथ्वी वाचवण्याची हमी द्यायची, आणि ज्यांनी वातानुकूलित मंचावर बसून ती शपथ दिली त्यांनी कशाचीच द्यायची नाही! भारतात दर माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकेत तो चौदा टनांच्या आसपास जातो, आणि आपल्या देशातही वाडीत राबणारा आणि दोन-दोन गाड्या बाळगणारा यांचा वाटा सारखा नाही. हे मुलांना न सांगता नुसते पंखे बंद करायला लावणे म्हणजे दुसऱ्याचे कर्ज त्यांच्या नावावर चढवणे आहे. उत्तराखंडच्या रिधिमा पांडे हिने २०१७ मध्ये, अवघ्या नऊ वर्षांची असताना, हवामान बदलाबाबत सरकारला जाब विचारण्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, याचिका केली होती. ती पुढे फेटाळली गेली, पण प्रश्न कोणाला विचारायचा हे त्या मुलीला बरोबर कळले होते.

मग मुलांनी करायचे तरी काय? माझ्या मते त्यांनी मोजायचे, लिहून ठेवायचे आणि ते घेऊन मोठ्यांपुढे उभे राहायचे. सरळ उभ्या भिंतींची, सपाट बुडाची बरणी आणि पट्टी एवढ्यावर शाळेच्या गच्चीत पर्जन्यमापक तयार होतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हे एकदा समजले की पुढचे गणित मुले स्वतः करतात. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर अडीच लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर. ते सगळे साठवता येत नाही, पण बोअरवेलजवळ जिरवता येते. हे गणित सोडवलेला मुलगा सोसायटीच्या सभेत उभा राहून विचारील की मग आपण टँकर का मागवतो, आणि त्या प्रश्नाला सचिवांना उत्तर द्यावे लागेल. ज्या शाळांत पत्र्याखाली वर्ग भरतात तिथे मार्च-एप्रिलमध्ये रोज दुपारी तापमान लिहून ठेवावे, अर्ध्या छताला चुना फासावा आणि दोन वर्गांतला फरक व्यवस्थापनासमोर मांडावा. याला मी कृती म्हणते.

भाचीच्या बाबतीत तेच झाले. नव्याने लागवड करताना आप्पांना पुन्हा सगळीकडे पोफळीच हव्या होत्या, कारण श्रीवर्धनी रोठा सुपारीला नाव आहे, भाव आहे. तिने वही पुढे ठेवली. दाट मिश्र लागवडीच्या कोपऱ्यातली झाडे अधिक वाचली होती, हे तिच्या नोंदींत दिसत होते. एका वाडीच्या नोंदींवरून नियम काढता येत नाही, हे मला कळते. आप्पांनाही कळत होते. तरी त्यांनी तिचे ऐकले. मधल्या ओळींत जायफळ आणि कोकम लागले, माडांवर मिरी चढवली गेली. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. यंदा काही झाडांना पहिल्यांदा शिपटे, म्हणजे सुपारीचे घोस, आली आहेत. भाची आता आठवीत गेली आहे. वही चालू आहे, आणि आप्पा शिंपणाच्या पाळ्या तिला विचारून ठरवतात. तिला कोणी पर्यावरणदूत केलेले नाही, तिच्या गळ्यात पदक नाही, पण घरातल्या एका निर्णयात तिचे मत मोजले गेले.

शनिवारी आमच्या पालक-शिक्षक संघाची सभा आहे. गच्चीवर पर्जन्यमापक बसवावा, त्याच्या नोंदी मुलांनी ठेवाव्यात, पुढच्या वर्षी शपथेऐवजी मुलांनी त्या नोंदी वाचून दाखवाव्यात आणि त्यावरच्या प्रश्नांना मुख्याध्यापक व पालकांनी मंचावरून उत्तरे द्यावीत, अशी लेखी मागणी मी करणार आहे. ज्या मैत्रिणींची मुले त्या शाळेत आहेत त्यांनी सह्यांसाठी शुक्रवारपर्यंत मला निरोप द्यावा. तुमच्यापैकी कोणाच्या घरी वडिलांनी किंवा आजोबांनी ठेवलेल्या पावसाच्या, मोहोराच्या किंवा विहिरीच्या पाण्याच्या जुन्या नोंदी असतील, तर त्यांची छायाचित्रे पाठवा. मुलांना ताडून पाहण्यासाठी त्या हव्या आहेत.