पूररेषा कुठंय, एवढंच विचारलं होतं

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबेल, पण वाचा.

ऑफिसातला एक मुलगा नदीकाठचा फ्लॅट घेतोय. गुणी पोरगा, लग्न ठरलंय, कर्जही मंजूर झालंय. हौसेने ब्रोशर घेऊन आला, "ताई, बघा ना." बघितलं. निळीशार नदी, काठावर हिरवळ, बाल्कनीत चहाचे कप. मी विचारलं, यात पूररेषा कुठं दाखवलीय? त्याने लगेच साइटवर फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून उत्तर आलं, "सर, टेन्शन घेऊ नका, परवानग्या आहेत. आणि तशीही ती लाइन आता सरकणारे."

सरकणारे म्हणे! मला तिथल्या तिथे मावशीचा मिसळणाचा डबा आठवला.

25 जुलै 2024. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, मुठा नदीजवळ, मावशीचं तळमजल्यावरचं घर. आम्ही पोचलो तेव्हा पाणी ओसरलं होतं, आत घोट्यापर्यंत चिखल. रात्री ओट्याच्याही वर वीतभर पाणी चढलं होतं. डब्याचं झाकण घट्ट होतं, म्हणून वाटलं हा तरी वाचला असेल. उघडला तर सातही वाट्यांत रेंदा. मऊ, काळसर. मोहरी कुठली, जिरं कुठलं, काही कळेना. हळदीच्या वाटीला फक्त कडेने एक पिवळी रेघ उरली होती. लग्नात आईने दिलेला डबा, 42 वर्षांचा. मावशी रडली नाही, बोललीही नाही. एकेक वाटी नळाखाली धरून धूत बसली.

ही रेषा कुणी साहेबाने मनाला आलं म्हणून मारलेली नाही हो. 25 वर्षांतून एकदा येतो तेवढा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदीपासून निळ्यापर्यंत निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग करा, मैदान करा, पण नवी इमारत नाही. निळी ते लाल यांच्यामध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्याही दीड फूट वर हवं. इतका साधा नियम आहे.

आणि पुण्यात मुठेची निळी रेषा 60 हजार क्युसेकच्या (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) हिशेबाने आखलेली, लाल 1 लाखाच्या. त्या रात्री खडकवासला धरणातून सोडलं होतं 35 हजारांच्या आसपास! वर पाऊस होता, ओढेनाले भरून वाहत होते, कबूल. तरीही 35 हजारांत मावशीच्या ओट्यावर पाणी येतं, याचा अर्थ काय? पात्राचा गळा आवळलाय. रात्री ट्रक येतात, राडारोडा ओततात, वर मुरूम पसरतात, चार महिन्यांनी तिथे पत्र्याचं कुंपण उभं राहतं. आपण सगळ्यांनी पाहिलंय हे. नदी अशी आवळली गेली तर रेषा घरांच्या बाजूला यायला हवी. आणि ही साइटवाली मंडळी ती पाण्याच्या बाजूला ढकलायला निघालीत!

कुणीतरी खाली लिहीलच, की 1961 ला पानशेत फुटलं म्हणून पूर आला. बरोबर आहे. पण सांगली-कोल्हापुरात 2019 ला आणि पुन्हा 2021 ला कुठलं धरण फुटलं होतं?

पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले 36 बंगले 2025 च्या मे महिन्यात पाडले. हरित लवादाचा आदेश, सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. निर्णय योग्यच, पण ते व्हिडिओ मला पूर्ण बघवले नाहीत. आयुष्याची कमाई असते हो माणसांची. ज्यांनी तिथे प्लॉट पाडून विकले त्यांचं घर नाही पडलं.

जुन्या, मंजूर इमारती रेषेत अडकल्यात, त्यांचा पुनर्विकास रखडतो, हे मान्य. मावशीची सोसायटीही त्यातलीच. त्यांना टीडीआर, म्हणजे बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची मुभा द्या, दुसरीकडे जागा द्या, काहीतरी वाट काढाच. पण त्यांचं दुःख पुढे करून नव्या टॉवरांना नदीत उतरवू नका. मावशीच्या नावावर तर नकोच नको.

तो मुलगा माझ्यावर जरा रुसलाय. मी त्याचा आनंद घालवला, हे मलाही लागलंय. रविवारी त्याला मावशीकडे चहाला नेणार आहे. येतो म्हणालाय.

डबा अजून तोच वापरते ती. पण आता तो ओट्यावर नसतो. स्वयंपाक आटोपला की स्टुलावर चढून माळ्यावर ठेवते आणि सकाळी पुन्हा उतरवते. गुडघे दुखतात तिचे. पाऊस संपला तरी रोज ठेवते.