खुलासा : आमटीत पावडर घालून दारू सुटत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय : ‘नवऱ्याच्या आमटीत चिमूटभर पावडर घाला, त्याला न कळता दारू सुटेल.’ वैनी, ताई, कृपा करून हे करू नका.

अशा बिननावाच्या पुडीत डायसल्फिरम हे दारू सोडवण्याचं औषध असू शकतं. ते औषध खरं आहे, डॉक्टर देतातही. पण रुग्णाला सांगून, त्याचं यकृत-हृदय तपासून. दारूपासून शरीरात तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन या औषधामुळे पुढे मोडत नाही, साचतं. मग माणसानं नेहमीची क्वार्टर घेतली की तोंड लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. जीवही जाऊ शकतो. पोटात काय गेलंय हे त्यालाच ठाऊक नाही, तर दवाखान्यात तो सांगणार काय?

रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडणंही घातकच. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येते, भास होतात. ‘बाहेरचं लागलंय’ म्हणत देवऋषाकडे नेऊ नका, थेट इस्पितळ गाठा.

व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा मोफत हेल्पलाइन नंबर 14446. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.