पाणी प्यायलं म्हणजे सुटलो?

मालवणजवळच्या आमच्या गावी धाकट्या मामाला मासळी उतरवतात तिथलं कुत्रं चावलं. पोटरीत दोन दात रुतले. मला कळलं चौथ्या दिवशी, तेही मामीशी फोनवर भलतंच काही बोलताना. इंजेक्शन घेतलं का विचारलं, तर मागून मामाचा आवाज: "माका काय्येक होवचा नाय, पानी पितंय मा मी!"

हे शहाणपण नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेलं. 'इंग्रजी शब्दांत दडलेलं ज्ञान' असा मथळा, खाली जुन्यापान्या, जड इंग्रजी शब्दांची फोड आणि काही शब्दांपुढे फुकटचा सल्ला. शेवटी जोडलेले हात. आमच्या घरातल्याच तिघांनी तो पुढे ढकलला होता.

त्यात लिहिलंय की रेबीजचं जुनं नाव हायड्रोफोबिया, म्हणजे पाण्याची भीती; तेव्हा चावा बसलेला माणूस पाणी पीत असेल तर त्याला रोग नाही, सुई टोचून घेऊ नये. शब्दाची फोड बरोबर आहे. ग्रीकमध्ये 'हुदोर' म्हणजे पाणी, 'फोबोस' म्हणजे भीती. पण हे नाव पडलंय रोगाच्या शेवटच्या अवस्थेवरून. विषाणू चाव्यापासून नसांमधून सरकत मेंदूपर्यंत जातो. त्याला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्षही. तोवर माणूस पाणी पितो, जेवतो, होडीवर जातो. विषाणू मेंदूत पोचला की गिळताना घशाचे स्नायू असे आवळतात की पाणी समोर आलं तरी झटके येतात. तिथून माणूस जवळपास कधीच परतत नाही. म्हणजे फॉरवर्डवाल्याच्या कसोटीवर नापास होईपर्यंत थांबायचं, आणि नापास झालात की इंजेक्शनचा उपयोग संपलेला!

'हे इंग्रजी डॉक्टरांचं झालं, आपले पूर्वज काय म्हणतात ते बघ,' असं ग्रुपवर एका काकांनी सुनावलं. बघितलं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचं वर्णन आहे. दंश झालेला माणूस पाणी पाहून किंवा पाण्याचा नुसता स्पर्श होऊन दचकू लागला, तर त्याला 'जलत्रास' समजावं, आणि तेही 'रिष्ट' होय, असं तिथे म्हटलंय. रिष्ट म्हणजे मरणाचं चिन्ह. पाण्याची भीती वाटेपर्यंत वाट बघा, असं सुश्रुत कुठेही सांगत नाही. काका तेव्हापासून गप्प आहेत.

करायचं काय, तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. चुना, हळद, तिखट काही चोपडायचं नाही. उशीर झाला असेल तरी जायचंच. मामाला मी पाचव्या दिवशी नेलं, वाटभर त्याच्या शिव्या खात.

बाकीचं भराभर. कॅन्सर म्हणजे लॅटिनमध्ये खेकडा, म्हणून कुर्ल्या खाऊ नका! अहो, ग्रीक वैद्यांनी गाठीला खेकड्याचं नाव दिलं ते तिच्याभोवती पसरलेल्या फुगीर शिरा त्याच्या पायांसारख्या दिसल्या म्हणून. आपला 'कर्करोग'ही त्याच खेकड्याचा. आमच्या मामीने दोन आठवडे कुर्ल्यांचा रस्सा केला नाही, याचा राग मला वेगळा आहे. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये 'वाईट हवा', म्हणून खिडक्या बंद ठेवा, हेही त्यातच. रोगाला हे नाव देणाऱ्यांचा समज चुकला होता. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी रोनाल्ड रॉसला दिसला 1897 साली, सिकंदराबादेत. खिडकीला जाळी लावा, बस्स.

मग 'नेव्हिगेशन' म्हणे आपल्या 'नवगती'वरून आलं. आमच्याकडच्या एकाही तांडेलाच्या तोंडी हा शब्द मी ऐकलेला नाही. मूळ लॅटिन 'नाविगारे': 'नाविस' म्हणजे जहाज, 'अगेरे' म्हणजे हाकणं. गतीचा इथे काही संबंध नाही. आता नाइलाजाने कबूल करतो, 'नाविस' आणि संस्कृत 'नौ' एकाच घरचे आहेत. पण चुलत भावंडं आहेत ती, बाप-लेक नव्हेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून फुटल्या असाव्यात आणि ते मूळ आता कदाचित उरलंही नसेल, हे भाषापंडित विल्यम जोन्सने कलकत्त्यात 1786 मध्ये सांगून ठेवलंय.

'कॉयर' म्हणजे काथ्या आणि 'कोप्रा' म्हणजे सुकं खोबरं, हे शब्द कोकणातून गेले हा दावा वाचून मलाही बरं वाटलं होतं. माडही आपले, काथ्याही आपला. पण हे दोन्ही शब्द मल्याळममधले, 'कयर' आणि 'कोप्पर'.

खरोखर मराठीतून इंग्रजीत गेलेलं मुंगूस मात्र त्या यादीत नाहीच. इंग्रज त्याला 'मंगूज' म्हणतात.